फिच मास्तरांचं बाड

१

शुक्रवारी सकाळी, न्याहारीच्या आधी, स्क्वायर ओरिन बिगलो आपल्या बैठकीच्या खोलीत शिरले आणि दारातच थबकले. मेजाचा खण उचकटलेला होता. कुलपाभोवतीचं अक्रोडाचं लाकूड पार चिरफळलं होतं आणि आत ठेवलेलं फिच मास्तरांचं बाड नाहीसं झालं होतं. खाली गालिच्यावर एक पटाशी पडली होती. तिच्या मुठीवर तापल्या सळईनं दोन अक्षरं डागलेली होती : एच. डी.

ॲशग्रोव्ह गावात त्या अक्षरांचा माणूस एकच, हीमन डोटी, पिंपं बांधणारा. आणि गावात मॉर्मन या नव्या पंथात गेलेलं घरही एकच, तेही त्याचंच.

नऊच्या आत बातमी घरोघर पोचली. दहाला लोहाराच्या भट्टीवर डांबराचं भांडं चढलं आणि डांबर फासलेल्या अंगावर चिकटवायला कुणीतरी पिसांची उशी फाडून तयार ठेवली. स्क्वायर गावचे न्यायाधीश. त्यांनी हीमनला दंडाला धरून आपल्या परसातल्या, मांस धुरवायच्या खोलीत घातलं, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली वास्कुटाच्या खिशात टाकली.

"अहो स्क्वायर, आमच्या हवाली करा ना त्याला!" कुंपणापलीकडून आवाज आला.

"त्याचे लोक म्हणे जहाजाशिवाय समुद्र ओलांडतात. त्याला म्हणावं, एवढी भिंत ओलांडून दाखव!"

हशा पिकला. ही थट्टा गावात तीन वर्षं चालली होती.

"उद्या दुपारी बारापर्यंत कुणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही," स्क्वायर म्हणाले. "बारा वाजता सभागृहात काय तो निकाल होईल." मग त्यांनी मिसेस ट्रास्कना बोलावणं पाठवलं.

फिलूरा ट्रास्क गावच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायची. नवरा होता तोवर ते काम दोघं करत, तो गेल्यावर ती एकटी. वकिलाचं, वैद्याचं, पाद्र्याचं, कुणाचंही अक्षर तिला वाचता येई. दुसऱ्याला न लागणारा शब्द तिला बरोबर लागायचा.

"बाड हातात धरून नीट वाचलेल्या तुम्ही एकट्याच," स्क्वायर म्हणाले.

"वाचलं कसलं! बुधवारी संपादक ग्रिसवोल्डनी पहिली दोन पानं दिली, ती जुळवली आणि परत केली. जुळवताना मी वाचत नाही, नुसती अक्षरं उचलते."

"तरी बघा काही सुचतंय का. मला तो पोरगा चोर वाटत नाही. पण पटाशी त्याची आहे, आणि बाड नाहीसं व्हावं असं वाटण्यासारखा गावात दुसरा कुणी दिसत नाही."

फिलूरानं उचकटलेल्या खणावर बोट फिरवलं. "बाड इथं आहे हे कुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. काल दुपारी चर्चच्या पायरीवर मीच तर सांगितलं. उद्याच्या जाहीर वाचनाच्या आधी मास्तरांच्या एका विद्यार्थ्यानं बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची, की हे अक्षर मास्तरांचंच. मीही त्यांचाच विद्यार्थी, पण न्यायाधीश, स्वतःच स्वतःला शपथ कशी देणार? म्हणून आपल्या चर्चचे कारभारी, डीकन ॲसाहेल प्रॅट, यांना तयार राहायला सांगितलं."

२

चार वर्षांपूर्वी न्यूयॉर्ककडच्या एका शेतकऱ्याच्या पोरानं नवं पुस्तक काढलं. टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे देवदूतानं दाखवले, त्यावरून हे उतरवलं, असं तो सांगे. या भूमीवर फार पूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांची ती हकिगत. ते मानणारे ते मॉर्मन. ॲशग्रोव्हमध्ये हीमनचं घर सोडलं तर कुणाचा त्यावर विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्यांचंही आपापसात जुळत नव्हतं. संपादक चॉन्सी ग्रिसवोल्ड म्हणे, "नांगर धरणारा अडाणी पोरगा पाचशे पानं रचेल? छे! कुणा शिकलेल्या माणसाचं चोरलंय." फिलूरा म्हणे, "ज्यानं सांगितलं त्यानंच रचलं असेल. गोष्ट रचायला शाळा कशाला लागते?"

मग लोकांना एबेल फिच मास्तर आठवले. क्षयानं जाऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. गावाबाहेर मातीचे जुने उंचवटे आहेत. ते कुणी बांधले, याची एक लांबलचक गोष्ट मास्तर शाळेत वाचून दाखवत. आणि तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांच्या बहिणीच्या माळ्यावरच्या पेटीत चाळीस पानांचं बाड सापडलं! नव्या पुस्तकातल्याच हकिगती, त्याच शब्दांत, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. गावाला आनंद मावेना. शनिवारी ते जाहीर वाचायचं ठरलं.

धुरवायच्या खोलीत हीमन टांगलेल्या डुकराच्या मांडीखाली, उलट्या बादलीवर बसला होता.

"वाईट जागा नाही," तो म्हणाला. "वास घेऊनच पोट भरतं."

"हीमन, थट्टा पुरे. पटाशी तुझी?"

"माझीच. पण मार्चपासून ती माझ्याकडे नाही. सासऱ्यांच्या, डीकन प्रॅटच्या गिरणीत पिठाची पिंपं बांधत होतो, तेव्हा आमचं बिनसलं. डीकन म्हणाले, निघ. मी हत्यारांची पिशवी तिथंच टाकून निघालो. परत मागायला जायची लाज वाटली."

"म्हणजे गिरणीत दळायला येणारा कुणीही ती उचलू शकतो."

"कुणीही. आणि हे सांगा, मी बाड चोरेन कशाला? सगळ्यांच्या आधी मीच म्हणत होतो, वाचा! आमचं पुस्तक मांडीवर घेऊन शेजारी बसणार होतो मी. ओळीला ओळ लावून बघू म्हटलं होतं."

ते खरं होतं. फिलूरानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

ती निघाली तसा तो मागून म्हणाला, "मिसेस ट्रास्क, बाहेर ते जहाजाचं ओरडत होते ना? त्या थट्टेचं मूळ कुठं आहे माहीत आहे? तुमच्या छापखान्यात. विचारा ग्रिसवोल्डना."

३

ग्रिसवोल्ड खुशीत होता. अंकासाठी मोठ्या खिळ्यांचा मथळा लिहून त्यानं तयारच ठेवला होता.

"वाचलं असतं तर एक अंक खपला असता," तो म्हणाला. "चोरीला गेलं, आता चार खपतील."

"मग तुम्हीच नेलं असेल."

"मी?" तो हसला. "मिसेस ट्रास्क, काल संध्याकाळपासून मी काउंटीच्या मुख्य गावी होतो. सकाळच्या टपालगाडीनं आलो. गाडीवानाला विचारा, रस्ताभर माझं भाषण ऐकून त्याचे कान किटलेत."

गाडीवानाची तक्रार तिच्या कानावर आधीच आली होती.

"हीमन जहाजाचं काय म्हणतोय?"

"अरे हो! तीन वर्षांपूर्वी आपण त्या पुस्तकातले उतारे छापले होते ना, लोकांनी हसावं म्हणून? तेव्हा तो आला होता. म्हणे तुमच्या छपाईत ओळी गळल्या, दुरुस्ती द्या. मी म्हटलं, मॉर्मनांचं पुस्तक दुरुस्त करायला माझं वर्तमानपत्र नाही."

"मला नाही सांगितलंत."

ग्रिसवोल्ड जरा घुटमळला. "तुमचे बार्नबस तेव्हा अंथरुणाला खिळले होते. तुम्हाला काय सांगायचं?"

फिलूरा वळली. कोपऱ्यातल्या फळीवर बाडाची ती दोन पानं अजून जुळवलेली उभी होती. उलटी अक्षरं ती सरळ अक्षरांसारखी वाचायची. तिनं पहिल्यापासून सावकाश वाचायला घेतलं. जुळवताना बुधवारी तिला उगाच वाटलं होतं की हे हातांच्या ओळखीचं आहे. पुस्तकी भाषा सगळी सारखीच, म्हणून तिनं तिकडे दुर्लक्ष केलं होतं.

प्रवासी किनाऱ्यावर येतात. तंबू ठोकतात. आणि असं झालं की, वारा सुटतो आणि ते भर समुद्रात असतात.

जहाज कुठंच नाही.

तिनं जुन्या अंकांची चवड खाली ओढली आणि १८३१चा तो अंक काढला. किनारा, तंबू, असं झालं की, वारा. शब्दाला शब्द तोच. इथंही जहाज नव्हतं.

४

नवं पुस्तक गावात एकाच घरी होतं. फिलूरा तिथं गेली तेव्हा हीमनची बायको रॉक्साना सामान बांधत होती. दोघं मूल घेऊन सोमवारी मिझुरीला, आपल्या लोकांकडे निघणार होती. आता नवरा कुलपात होता, तरी तिचे हात थांबले नव्हते. पाळण्यातलं मूल गाजर चोखत पडलं होतं.

"पुस्तक हवंय?" तिनं फिलूराकडे रोखून पाहिलं. "जाळायला?"

"वाचायला."

रॉक्सानानं बांधून ठेवलेल्या गाठोड्यातून ते काढलं. फिलूरानं किनाऱ्याची जागा शोधली आणि खिडकीशी उजेडात धरली. किनारा होता, तंबू होते. पुढं ‘असं झालं की’, आणि मग जहाज बांधल्याची हकिगत, चांगली ऐसपैस. नंतर पुन्हा ‘असं झालं की’, आणि वारा.

तिला त्या आठवड्याची आठवण झाली. बार्नबसचा खोकला पडद्याआडून ऐकू येत होता. दर दोन ओळींनी ती उठून आत जाऊन येत होती. परत आली की डोळा शेवटच्या ओळखीच्या शब्दांवर टेकवायचा आणि पुढं जायचं. एकदा तो चुकीच्या ‘असं झालं की’वर टेकला. मधलं सगळं राहून गेलं, आणि अख्खं गाव तीन वर्षं हसत बसलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "जहाज मी बुडवलं."

"म्हणजे?"

"रॉक्साना, नीट ऐक. ही चूक १८३१ साली माझ्या हातून झाली. त्याआधी ती जगात कुठंच नव्हती. मग १८१५ साली वारलेल्या फिच मास्तरांच्या बाडात ती कशी आली?"

रॉक्साना हळूच गाठोड्यावर बसली. "बाड खोटं आहे."

"आपल्या वर्तमानपत्रावरून कुणीतरी उतरवलंय. मूळ पुस्तक त्यानं पाहिलेलंच नाही."

फिलूराला वाटलं होतं की पोरीचा चेहरा उजळेल. तो उजळला नाही.

"मी हीमनला सांगितलं होतं," रॉक्साना म्हणाली, "शनिवारी बाड खरं निघालं तर मी येणार नाही. मूल घेऊन इथंच राहीन. त्यानं कबूल केलं होतं."

"हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"बाबांना. बाड सापडायच्या आधीच, महिन्याभरापूर्वी, मी त्यांना सांगितलं होतं. म्हटलं, पुस्तक खोटं असल्याचा पुरावा दाखवा, मी थांबते."

५

मास्तरांची बहीण सबमिट फिच सत्तरीची. डोळ्यांनी अधू, पण कान तिखट.

"फिलूरा, पोरी, चहा आणू की सफरचंदाचा रस?"

"काही नको. पेटीबद्दल विचारायचंय. माळ्यावरून खाली कुणी आणली?"

"ओरिन आणि ॲसाहेलनं. दोघं दोन्ही कड्या धरून. मला म्हणाले, मावशी, माळा साफ करून देतो."

"आणि बाड कुणी काढलं?"

"माझ्याच हाताला लागलं गं. वरच होतं, रजईवर." म्हातारी घुटमळली. "तुला म्हणून सांगते. हसणार नाहीस ना? मला तो चमत्कारच वाटला. कारण एबेलचे कागद मी जाळले होते."

"जाळले?"

"तो गेला त्याच आठवड्यात. वैद्य म्हणाला, अंथरूण, कपडे, कागद, सगळं जाळा, नाहीतर रोग घरात राहील. मी चुलीशी उभं राहून एकेक पान टाकलं. एवढं रडले नव्हते कधी. मग हे बाड सापडलं तेव्हा म्हटलं, एखादं राहिलं असेल, माझं वय झालं. सगळे एवढे खूश होते, मी कशाला मोडता घालू?"

"पण अक्षर त्यांचंच होतं म्हणतात."

"असणारच. एबेल पोरांना मारायचा नाही, पण अक्षर आपल्यासारखं आलं नाही तर शंभरदा गिरवायला लावायचा. शेवटी दोघांचं तर इतकं हुबेहूब आलं, की मलाही भेद कळायचा नाही."

"कुणा दोघांचं?"

"अगं, त्यांचंच," म्हातारी म्हणाली. "ओरिनचं आणि ॲसाहेलचं."

फिलूरा रस्त्यावर आली. एक गावचा न्यायाधीश. दुसरा गावचा डीकन. आणि उद्या बारा वाजता निकाल द्यायला बसणार होता तो त्यातलाच एक.

६

शनिवारी सभागृह भरून गेलं. दाराशी डांबराचं भांडं आणून ठेवलेलं होतं, त्याचा वास बाकांपर्यंत येत होता. हीमन पुढच्या बाकावर, मागं रॉक्साना मुलाला घेऊन. डीकन ॲसाहेल प्रॅट उजवीकडे, आपल्या नेहमीच्या जागी. उंच, हाडापेराचा, पिठानं पांढऱ्या पडलेल्या भुवयांचा माणूस. मुलीकडे तो बघत नव्हता.

फिलूरानं कधी चारचौघांत भाषण केलं नव्हतं. तिनं मेजावर तीन वस्तू मांडल्या : बाडाच्या जुळवलेल्या पानांवरून काढलेला छाप, जुना अंक आणि नवं पुस्तक. मग जे झालं ते सरळ सांगितलं. स्वतःची चूकही सांगितली, तशी मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आम्ही तुमच्यावर हसत होतो होय?"

"होय," ती म्हणाली. "तीन वर्षं."

कुणी हसलं नाही. ग्रिसवोल्ड उठला, छाप आणि अंक शेजारी धरून त्यानं दोनदा वाचले आणि खाली बसला.

"बाड बनावट आहे," फिलूरा म्हणाली. "मास्तरांचे कागद केव्हाच जळाले. ज्यानं हे लिहिलं त्याला मास्तरांचं अक्षर येत होतं, आणि पेटी त्याच्या हाताखालून गेली होती. असे दोघंच आहेत. स्क्वायर, त्यातले एक तुम्ही."

सभागृहात कुजबुज उसळली. स्क्वायर लालबुंद झाले, पण म्हणाले, "बोला पुढं."

"बाड तीन आठवडे तुमच्या खणात होतं. कुणी हात लावला नाही. गुरुवारी दुपारी आहे, शुक्रवारी सकाळी नाही. मधे काय बदललं? हीमनला ते वाचायलाच हवं होतं. ग्रिसवोल्ड गावात नव्हते. बदललं ते एकच : तुम्ही शपथेचं जाहीर केलंत. बाड तुम्ही लिहिलं असतं तर शपथ कशाला आणली असती? कुणी मागितलीही नव्हती. आणि पटाशी मार्चपासून गिरणीत होती."

आता कुणी डीकनकडे बघत नव्हतं, आणि सगळ्यांना तोच दिसत होता.

"माझ्याकडे साक्षीदार नाही," फिलूरा म्हणाली. "माझं चुकत असेल. म्हणून एकच मागते. आज जे व्हायचं ठरलं होतं ते होऊ द्या. डीकननी बायबलवर हात ठेवून सांगावं, की ते अक्षर फिच मास्तरांचं होतं. मी इथंच त्यांची माफी मागेन."

स्क्वायरनी बायबल मेजाच्या कडेला सरकवलं. "ये, ॲसाहेल."

डीकन उठला. मेजापर्यंत आला. हात वर उचलला. पिठाच्या पोत्यांनी घट्टे पडलेला तो हात पुस्तकाच्या वर वीतभर अंतरावर थांबला. तो खाली येईना.

"मला नाही जमणार," तो म्हणाला.

"कशानं?"

"कारण ते मी लिहिलंय, ओरिन." त्याचा आवाज साधाच होता, गिऱ्हाइकाला पिठाचा भाव सांगावा तसा. "लिहिताना काही वाटलं नाही. मास्तर असंच लिहीत होते, एवढीच मनाची समजूत घातली. त्यांची गोष्ट मला आठवत होती, पण शब्द आठवत नव्हते. शब्द वर्तमानपत्रातून घेतले. ते पुस्तक मी घरात येऊ दिलं नाही, विकत कसं घेणार? पण यावर हात ठेवून खोटं... गुरुवारी रात्री कितीतरी वेळ स्वतःला समजावत होतो. नाही जमलं. गिरणीच्या चाकाखाली टाकलं बाड."

"आणि पटाशी?" हीमननं विचारलं. तो उभा राहिला होता. "ती मुद्दाम टाकलीत?"

डीकननं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"हाताला लागली ती घेतली," तो म्हणाला. "घाबरलो, तिथंच टाकून पळालो. मुद्दाम नाही. पण सकाळी तुला धरलं, डांबर चढलं, तेव्हा तोंड उघडलं नाही. ते मुद्दाम."

दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी डांबराचं भांडं उचललं आणि मान खाली घालून बाहेर नेलं.

७

सोमवारी सकाळी गाडी निघायच्या वेळी फिलूरा पुस्तक परत द्यायला गेली.

"ठेवा तुमच्याकडे," हीमन म्हणाला. "अजून एक आहे आमच्याकडे. आता तरी पटलं ना?"

"नाही," ती म्हणाली. "मला अजूनही वाटतं, तुमच्या त्या तरुणानंच हे सगळं रचलंय. पण फिच मास्तरांनी नाही रचलं, एवढं नक्की. खोट्या पुराव्यानं माझं मत खरं ठरलेलं मला नको."

हीमन हसला. "तुमच्यासारखा एक विरोधक मिझुरीत मिळाला तर बरं होईल."

तेवढ्यात रस्त्यानं डीकन आला. रविवारीच त्यानं डीकनपद सोडलं होतं. त्याच्या हातात हत्यारांची पिशवी होती. ती त्यानं गाडीत ठेवली आणि जावयाकडे न बघता म्हणाला, "खालचा पूल वाहून गेलाय. वरच्या उतारावरून नदी ओलांडा."

"बरं," हीमन म्हणाला.

रॉक्साना गाडीत चढून बसली होती. "बाबा," ती म्हणाली, "पुरावा मागितला तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. पुराव्याचं मला काय कळतं? तुम्ही नुसतं ‘थांब’ म्हणाला असतात तरी थांबले असते. मार्चपासून वाट बघत होते. तुम्ही हीमनबद्दल बोललात, पुस्तकाबद्दल बोललात, देवाबद्दल बोललात. तेवढं एक नाही बोललात."

डीकन गाडीचं चाक धरून उभा राहिला.

"आता म्हणतो," तो म्हणाला. "थांब, रॉक्सी."

रॉक्सानानं नवऱ्याकडे पाहिलं. हीमननं लगाम सैल सोडले होते आणि तो बैलांच्या कानांकडे बघत होता. निर्णय त्यानं तिच्यावर सोडलाय, हे फिलूराला दिसत होतं.

"आता तो एकटा पडेल, बाबा," रॉक्साना म्हणाली. "मी थांबले तर थांबू द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. आणि तुम्ही त्याला डांबरासमोर उभं केलंत."

तिनं वाकून मूल आपल्या बापाच्या हातात दिलं. "उतारापर्यंत चला आमच्याबरोबर. तोवर घ्या याला."

गाडी हलली. डीकन मुलाला छातीशी धरून चाकाच्या बरोबरीनं चालू लागला. गाडी सावकाश चालावी म्हणून हीमन बैलांना आवरून धरत होता, हे लांबूनही कळत होतं. फिलूरा ती वळणाआड जाईपर्यंत थांबली आणि मग छापखान्यात गेली. या आठवड्याचा अंक अजून जुळवायचा होता.

दुपारी एकच्या सुमाराला गिरणीचं जातं सुरू झालेलं तिला ऐकू आलं. रोजच्यापेक्षा उशिरा, पण सुरू झालं.